आतोबांची चहाबंदी

आमच्या आतोबांइतका रागीट माणूस अख्ख्या मुळशी तालुक्यात झाला नाही आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पुण्यात एका कारखान्यात फिटर होते. डोळ्याला इजा झाली, काम सुटलं, आणि ते आत्याला घेऊन आमच्या कासार आंबोलीत, आमच्याच शेजारी राहायला आले. बाकीची माणसं स्वतःवर अन्याय झाला की चिडतात. आतोबांच्या ताटातली भाकरी मांजरानं पळवली तरी ते हसायचे; पण एखाद्या घरात पोरीला कुणी "हात लावू नको" म्हटलेलं कानावर आलं, की हा माणूस रस्त्यातल्या रस्त्यात वळून, ओळख असो वा नसो, त्या घरात शिरायचा. "का न्हाई लावायचा? चावतंय व्हय ते?" 'ते' म्हणजे सायकल असो, घड्याळ असो, नाहीतर बॅटरी. घरची माणसं बघत राहायची आणि जिच्यासाठी हे चाललंय ती पोरगी घाबरून चुलीमागं जाऊन बसायची.

या रागाची सुरुवात स्टोव्हपासून झाली असं आत्या सांगायची. रोज दोन वेळा स्टोव्हला पंप मारते बाई, पिन करते बाई, आणि पंप धरेनासा झाला की तोच स्टोव्ह पिशवीत घालून पौडला दुरुस्तीला नेतो बाप्या! आतोबांना हे सहन होत नसे. "आतला वॉशर वाळलाय, एवढंच. दोन थेंब तेल पाजलं की झालं. तेवढ्यासाठी ह्यो गडी एष्टीनं जातोय, हाटेलात भजी खातोय, आन् घरी येऊन सांगतोय, लई अवघड काम हुतं!" हे ते स्टँडवर, त्या गड्याच्या समोर, पिशवीकडे बोट दाखवून सांगायचे.

मग त्यांनी आम्हा आठ-दहा पोरींना दर रविवारी पडवीत बसवायला सुरुवात केली. शिकवणं असं काही नव्हतंच. ते गोणपाटावर एखादी बंद पडलेली वस्तू ठेवायचे, "खोला" म्हणायचे आणि तंबाखू मळत तोंड फिरवून बसायचे. काही विचारलं की खेकसायचे, "मला काय इचारतीस? त्याला इचार की!" 'त्याला' म्हणजे गोणपाटावरच्या त्या दिवशीच्या कुलपाला. मुलगे डोकावले की त्यांना हाकलायचे. "तुमाला सगळं गाव मोकळं हाय. हितं न्हाई." एकदा आत्याचा कंदील सारखा तडतडायला लागला. आतोबांनी त्यातलं रॉकेल बाटलीत ओतलं आणि बाटली माझ्या हातात दिली. जरा वेळानं बाटलीच्या तळाशी पाण्याची रेघ दिसली. दुकानदाराची करामत! आम्ही बाटली कितीही हलवली तरी पाणी आपलं खाली आणि रॉकेल वर. आतोबा तेवढे दोन शब्द बोलले, "ध्यानात ठेव." आणि दुकानदाराशी भांडायला निघून गेले.

लग्नात नवरीला आहेर म्हणून ते खण देत नसत, पाना देत. अर्ध्या इंचाचा, चांगला वजनदार. उरवड्याच्या एका सासूनं, घरात लोखंड नको म्हणून तो परत पाठवला. आतोबा दुसऱ्या दिवशी उरवड्याला जाऊन, सासूला ओलांडून, पुन्हा सुनेच्या हातात देऊन आले.

पण त्यांचं खरं हत्यार म्हणजे चहाबंदी. चहा हा त्यांचा प्राण होता. तरीही ज्या घरानं पोरीची शाळा सोडवली त्या घरचा चहा बंद, असा त्यांनी नेम केला. गावात त्यांना चहा घेता येईल अशी हळूहळू तीनच घरं उरली. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं आणि एक आमचं. मी सातवीत असताना गणपतीत आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, जाहीर केलं, "यंदाची सातवी झाली की बास. आठवीला पौडला कोन धाडतंय पोरीला?" आतोबांनी हातातली कपबशी तशीच खाली ठेवली. घरच्या जावयानं चहा न घेता उठायचं! आईच्या डोळ्यांत पाणी आलं. आबाही पेटले. "दाजी, पोरीनं शिकून काय इंजिन चालवायचं हाय का?"

"चालवंल की!" आतोबा म्हणाले आणि चालते झाले.

इंजिन म्हणजे आबांनी त्याच वर्षी ओढ्यावर बसवलेलं ऑइल इंजिन. त्याची पहिली खंडेनवमी. घासूनपुसून ते मी आणि आईनं लखलखीत केलं, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली. एवढं झाल्यावर आबा म्हणाले, "सर बाजूला, हात लावू नको," आणि त्यांनी इंजिनावर एकामागून एक पाच नारळ फोडले. त्या दिवशी हत्यार चालवत नाहीत, दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणून इंजिन दोन दिवस बंदच राहिलं. तिसऱ्या दिवशी सुरू केलं तर चार आचके दिले आणि गप्प. पाऊस लवकर गेला होता, भात पोटरीत होता, पाणी तर हवंच. गावातल्या सगळ्या शहाण्यांनी हँडल मारून पाहिलं. पौडचा मेकॅनिक सणाला गावी गेलेला. मीठमिरच्यांनी दृष्ट काढून झाली. शेवटी एकानं तोडगा काढला, "अजून एक नारळ फोडा."

मला मात्र आठवत होतं, की नारळ फोडले तेव्हा टाकीचं झाकण उघडंच होतं. मी म्हणाले, "आबा, टाकीत नारळाचं पानी गेलंय. ते खाली बसलंय, नळी तेच ओढतीया." बांधावरची सगळी माणसं आबांकडे बघायला लागली. नारळ आबांनीच फोडले होते ना! मी पुढं झाले तशी आबा गरजले, "हात लावू नको!"

बांधावर तंबाखू मळत बसलेले आतोबा मान वर न करता म्हणाले, "हात लाव."

मी लावला. टाकीखालचा नट सैल केला, पाणी जाऊ दिलं, नळी मोकळी केली, निव्वळ तेल येईपर्यंत थांबले आणि नट आवळला. हँडल आबांनी स्वतः मारलं. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन धडधडायला लागलं आणि पाटाला पाणी आलं.

आणि गावानं काय म्हणावं? "दाजींनी बसल्या जागी इंजिन नीट केलं!" मला आज इतक्या वर्षांनीही हे आठवलं की संताप येतो. आबासुद्धा कुणाला काही बोलले नाहीत. आतोबा मात्र चावडीपासून देवळापर्यंत दारोदार ओरडत फिरले, "आरं, मी तंबाखू मळत हुतो! पोरीनं केलंय!" लोक म्हणाले, काय पण मोठ्या मनाचा माणूस.

संध्याकाळी ते आबांसमोर येऊन उभे राहिले. "चारचौघांत सांग, कुनी केलं?" आबा पायाच्या अंगठ्यानं अंगणातली माती उकरायला लागले. मग घराकडे तोंड करून म्हणाले, "दाजींना चहा टाका."

"आठवीचा?" आतोबांनी विचारलं.

"व्हय. गोड करा जरा."

जूनमध्ये मी पौडच्या शाळेत जायला लागले. पुढच्या खंडेनवमीला आबांनी नारळ उचलला, पुन्हा खाली घेतला आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "झाकण लावलंय न्हवं?" मी म्हटलं, "लावलंय." तेवढ्यानं माझं पोट भरलं, पण आतोबांचं नाही. ते बांधावरून ओरडले, "तिला इचारतोस काय? नारळच दे की तिच्या हातात!" तो काही आबांनी दिला नाही. पुढे कधीच दिला नाही, आणि आतोबांचा तो राग शेवटपर्यंत तसाच राहिला.

आता दोघंही नाहीत. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आणि निवृत्त होऊन गावी आले. इंजिनही केव्हाच मोडीत गेलं. राहिला आहे तो आतोबांनी मला दिलेला अर्ध्या इंचाचा पाना. खंडेनवमीला ओढ्यावर, इंजिनाच्या जागी जाऊन त्याला हळदकुंकू लावते आणि नारळ मी माझ्या हातानं फोडते. फोडला की नकळत बांधाकडे बघते. पण हे बघायला आतोबा नाहीत, आणि याचा मला फार राग येतो.