बाराच्या पाहण्या

भुतांशी इतक्या अदबीने वागणारा माणूस नागपुरात दुसरा नसेल. आमच्या वरच्या मजल्यावरचे, तुम्ही नातवंडं ज्यांना लहानपणी भूतआजोबा म्हणत होतात ते गृहस्थ, जिवंत माणसाच्या घरी एखादे वेळी चपला घालून शिरतील, पण जिथे कोणी वावरतं असं ऐकलं आहे तिथे उंबऱ्याबाहेर चपला काढून, टोपी नीट करून, आपलं पूर्ण नाव, पत्ता आणि वीज खात्यातून मीटर तपासनीस म्हणून निवृत्त झाल्याचा तपशील मोठ्याने सांगितल्याखेरीज आत पाऊल टाकणार नाहीत. "पाऊण तास बसू. आपल्याला त्रास होत असेल तर कळवावं, आम्ही उठू," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. गेल्या फोनवर तुम्ही विचारलंत की ते अजून भुतं शोधतात का. शोधतात. शिकार मात्र म्हणायचं नाही. ते त्याला पाहणी म्हणतात.

पाहणी रात्री कधीच होत नाही. रात्री भूत दिसेल न दिसेल, विंचू नक्की दिसतो, असं त्यांचं मत आहे. आपल्याकडे दुपारी भर बाराची वेळही भुतांचीच मानतात, म्हणून ते बाराला जातात. मे महिन्यात नागपुरात त्या वेळी रस्त्यावर जे कोणी हिंडतं, ते माणूस नसण्याचीच शक्यता अधिक, हेही त्यांचंच म्हणणं. खिशात लू लागू नये म्हणून कांदा, खांद्याला मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली, हातात जमीन ठोकायला काठी. घरमालकाची लेखी परवानगी हवी, पडक्या जिन्यावर चढायचं नाही, एकट्याने जायचं नाही, आणि समोरच्याला ललकारायचं तर मुळीच नाही. पितृपक्षात पाहण्या बंद. त्या पंधरवड्यात सगळे आपापल्या घरी जेवायला गेलेले असतात, कोणी जागेवर भेटत नाही.

धरमपेठेतल्या एका रिकाम्या बंगल्यात त्यांनी असंच नाव-पत्ता सांगितला, तर आतून घोगरा आवाज आला, "कोन पाहिजे?" ते जरासुद्धा न घाबरता म्हणाले, "माफ करा, आपण हयात आहात का?" आत झोपलेला चौकीदार तणतणत बाहेर आला. तो का चिडला हे त्यांना आजही कळलेलं नाही. आम्हा पेन्शनवाल्यांना दर वर्षी हेच विचारतात, त्यात अपमान कसला, असं ते म्हणतात. कुठेही अनोळखी आवाज आला की त्यांची निळी वही खिशातून बाहेर येते. लग्नाच्या पंगतीत माझ्या खुर्चीचा पाय करकरला, तेव्हाही ती आली होती.

बाईमाणसाच्या घरी जायचं तर सोबत बाई हवी, हाही एक नियम. त्यामुळे गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याबरोबर एसटीने उमरेडकडच्या एका गावी गेले. तिथे एका विणकराची विधवा राहत होती. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. त्याचा हातमाग मागच्या खोलीत तसाच होता. तो हयातभर जेवून बाराला मागावर बसायचा, आणि आता रोज बाराच्या सुमारास त्या बंद खोलीतून खट्, खट् ऐकू यायचं. सून बाळंतपणाला माहेरी गेली ती तीन महिन्यांचं बाळ घेऊन तिथेच राहिली. भुताच्या घरात लेकरू आणणार नाही, म्हणाली. नातू अजून आजीच्या मांडीवर आला नव्हता. मुलाने म्हणूनच वरच्या गृहस्थांना बोलावलं होतं.

त्यांनी खोली उघडायला लावून दाराशी नाव-पत्ता सांगितला आणि ते सतरंजीवर बसले. बारा वाजले. बाईंनी त्या दाराशीच ताट वाढून घेतलं, पलीकडच्या खोलीतला कूलर लावला, आणि थोड्या वेळाने मागाची लाकडी फणी खरंच हलली. खट्. माझ्या अंगावर काटा आला, हे लिहून ठेवते. ते मात्र उठले आणि जुन्या सवयीने थेट मीटरपाशी गेले. मेन स्विच बंद केला. आवाज थांबला. चालू केला, सुरू झाला. तीनदा केलं. सून-बाळ येतील तेव्हा त्यांना उकडू नये म्हणून मुलाने यंदा कूलर आणला होता, त्याच्या लोखंडी स्टँडचा एक पाय मागाच्या खोलीच्या भिंतीला टेकला होता, आणि पलीकडून माग त्याच भिंतीला लागून होता. रात्री सगळे अंगणात झोपत, कूलर लागे तो फक्त दुपारी. बाराला बाबाच मागावर बसणार, दुसरं कोण, म्हणून इतक्या दिवसांत कोणी कूलरकडे पाहिलंच नव्हतं.

जुन्या चपलेचं रबर कापून त्यांनी त्या पायाच्या आणि भिंतीच्या मधे सारलं. आवाज बंद. मुलाने तिथूनच बायकोला फोन लावला. ती रविवारी यायला तयार झाली. मुलगा हसत आम्हाला चहा ठेवायला गेला. बाईंच्या ताटातली भाकर तशीच होती.

"आता वाजनारच नाही का गा, भाऊ?" त्यांनी विचारलं.

"नाही, माय."

"बरं झालं. पोरगं घरी येईन." मग ताट बाजूला सारत म्हणाल्या, "मी रोज इथंच जेवत होती. तेवढीच सोबत."

चहा झाल्यावर ते पुन्हा कूलरपाशी गेले, ते रबर काढलं, त्याला सुतळी बांधली आणि परत बसवलं. मग बाईंना बोलावून हळू आवाजात म्हणाले, "सून लेकराले घेऊन दवाखान्यात गेली का हे ओढायचं. वाकायची गरज नाही. ती यायच्या आत पुन्हा सारून द्यायचं."

"असं चालते का? ते रागावले तं?"

"रागावले तं माझं नाव सांगा. पत्ता त्यांना मालूम आहे."

परतताना एसटीत त्यांनी वही काढली. कारण: कूलर. उपद्रव: नाही. शिफारस या रकान्यात नेहमी दोन-तीन ओळी असतात. तो त्यांनी कोराच ठेवला.

तुमच्या आजोबांचं सागवानी कपाट तुम्हाला आठवत असेल. उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि दुपारी अडीचच्या सुमारास त्याचं दार आपोआप किर्र करून उघडतं. आजोबा होते तेव्हा बरोबर त्याच वेळी झोपून उठत आणि चष्मा काढायला कपाट उघडत. कागदाची एक घडी अडकवली की दार बसेल, हे मला कळतं. परवा वरचे गृहस्थ माझा डबा परत द्यायला आले होते आणि तेवढ्यात ते दार वाजलं. त्यांचा हात खिशाकडे गेला. मी डबा ओट्यावर ठेवला. त्यांनी खिशातून रुमाल काढला, चेहरा पुसला, यंदा ऊन फार आहे म्हणाले, आणि उंबऱ्याशी चपला हातात घेऊन, पायांचा आवाज न करता जिना चढून गेले.