जपानच्या सरस्वतीला कोल्हापूरची ओटी

मी जपानला काही देवळं बघायला गेलो नव्हतो. एक यंत्र शिकायला गेलो होतो. आयर्लंडमधल्या लिक्सलिपच्या आमच्या चिपच्या कारखान्यात ते यायचं होतं, आणि सून घरात येण्याआधी तिच्या माहेरी जाऊन तिचे स्वभाव समजून घ्यावेत, तसं कंपनीनं आम्हा दोघांना दोन आठवड्यांसाठी तिकडे धाडलं. दुसरा म्हणजे तिथल्याच मलिंगार गावचा एक उंच, लालबुंद आयरिश तंत्रज्ञ. त्याला जगातली प्रत्येक गोष्ट 'ग्रँड' वाटायची. विमानाला उशीर झाला, ग्रँड. ताटात कच्चा मासा आला. तो एक घोट पाणी प्यायला, आणि मग ग्रँड.

पुढचं सगळं झालं ते माझ्या तोंडामुळे. निघायच्या आधी घरी जेवताना मी फुशारकी मारली, की आम्ही राहणार तिथून तासाभरावर समुद्रकाठी एक गाव आहे आणि तिथं चक्क सरस्वतीचं देऊळ आहे. हातात वीणेसारखं वाद्य, पाण्याकाठी वस्ती, नाव जपानी, पण बाई आपलीच. त्या गावचा एक इंजिनियर आमच्याकडे कामाला आला होता, त्यानं कॅन्टीनमध्ये मला हे सांगितलं होतं.

आई तेव्हा कोल्हापूरहून आमच्याकडे आली होती. तिच्या भजनी मंडळात ती पुढची गाणारी. आदल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, खुशाल गा. पण पहिल्याच बैठकीत वरचा सूर लावताना आवाज फाटला, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, आणि आईनं टाळ खाली ठेवले ते ठेवलेच. आयर्लंडमधल्या सहा महिन्यांत तिनं एक ओळ गुणगुणली नव्हती. आता महिन्याभरात परत जायचं होतं. मंडळात जाऊन मागच्या रांगेत बसायचं, की जायचंच नाही, याचा घोर तिला लागला होता. ती बोलत नव्हती, पण पोळ्या जाड व्हायला लागल्या होत्या.

सरस्वतीचं नाव ऐकताच तिनं हातातली वाटी खाली ठेवली.

"मग तिची ओटी भरायची. तिनं घेतली की मी गातो."

कोल्हापूरच्या बायका 'गाते', 'जाते' म्हणत नाहीत; गातो, जातो म्हणतात. आयर्लंडच्या हवेनं त्यात काही फरक पडला नव्हता.

"आई, ओटी बायकांनी भरायची असते."

"भरणार मीच. तू नुसता पोस्टमन."

"आणि नाही घेतली तर?"

"न घ्यायला काय झालं? इतक्या वर्षांत कुणी भरली असंल का बिचारीची?"

हिरवा खण, बांगड्या, हळदकुंकवाच्या पुड्या, सुपारी, खारीक. नारळ विमानात फुटेल म्हणून खोबऱ्याची वाटी. "तांदूळ तिकडंच घे," आई म्हणाली, "त्या देशात तांदळाला काय तोटा?"

रविवारी मी आणि मलिंगारकर त्या गावात उतरलो. काय गाव होतं! एका बाजूला हिरव्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत माणसांनी अंग चोरून बसावं तशी घरं. वर घारी घिरट्या घालत होत्या. रस्त्यावर माकुल मासळी भाजल्याचा वास. देऊळ टेकडीवर, समुद्राकडे तोंड करून. पायऱ्यांना शेवाळ, दोन्हीकडे वाकडे पाईन. वर पोचल्यावर लाकडी डावानं हात धुवायचे, तोंड धुवायचं. मला अगदी घरच्यासारखं वाटलं. जाड दोर लोंबत होता, तो ओढून मी घंटा अशी दणदणीत वाजवली की कठड्यावरचं कबुतर उडालं.

दानपेटीपाशी मी तिकडेच घेतलेले तांदूळ घालून बांधलेलं खणाचं गाठोडं ठेवलं, हात जोडले, आईचं गाऱ्हाणं सांगितलं आणि निघालो. वीस पायऱ्या उतरलो असेन, तर मागून धापा टाकत एक टोपीवाले आजोबा. दोन्ही हातांवर आईची ओटी. कमरेत वाकून त्यांनी ती माझ्या हातात दिली. मी विसरलो होतो ना!

मी पुन्हा वर गेलो. या वेळी हुशारीनं दगडी दिव्याच्या पायथ्याशी, जरा आडोशाला ठेवली. देवळामागच्या वाटेनं खाली खडकांवर गेलो. तिथं लाटा फुटत होत्या, लांबवर मासेमारीच्या होड्या एका रांगेत उभ्या होत्या. डोळे भरून बघतोय तोच खराटा खांद्यावर टाकून झाडलोट करणाऱ्या काकू हजर. वाकल्या. ओटी माझ्या हातात.

मलिंगारकर खडकावर बसून पोट धरून हसत होता. "तुझी देवी ऐकत नाही बाबा."

मला हसू येईना. परत आलेली ओटी म्हणजे नकार, हे कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. तिसऱ्यांदा मी ती ठेवली आणि चोरासारखा पळत सुटलो. थेट स्टेशनजवळच्या पुलापर्यंत. तिथं सायकलवरून एक पोलीस आला, उतरला, त्यानं टोपी सरळ केली आणि मला सलाम ठोकला. कॅरिअरला, दोरीनं नीट बांधलेला, हिरवा खण.

"बॅग उघड, आत टाक," मलिंगारकर म्हणाला. "आईला सांग, घेतली. कोण बघायला येतंय?"

"तिला माझा चेहरा वाचता येतो."

"माझ्याही आईला येतो," तो म्हणाला आणि पहिल्यांदाच गंभीर झाला. "आमच्याकडे पवित्र विहिरीपाशी झाडाला फडकं बांधतात, दुखणं बरं व्हावं म्हणून. कुणी परत आणून देत नाही. पण इथं आठवडाभर बघतोयस ना? साधं बिस्किट दिलं तरी तीन कागदांत गुंडाळून देतात. उघडं ठेवलंस तर त्यांना ते हरवलेलं वाटणार. गुंडाळून, हातात दे."

माणूस मलिंगारचा, पण डोकं असं!

चौथ्यांदा पायऱ्या चढलो. देवळाच्या बाजूला ताईत विकायची खिडकी होती, आत पांढऱ्या कपड्यातल्या एक वयस्क बाई. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, मला जपानीचा. मग मी नाटक केलं. लाजायचं कशाला? आधी आई झालो, पदर घेतला, टाळ वाजवले, तोंड उघडून गायलो. मग गळ्यावर बोट फिरवलं. मग पुन्हा गायला लागलो आणि आवाज फाडला. मागे रांग लागली होती, ती माना वाकवून बघत होती. मी टाळ खाली ठेवले, देवीकडे बोट दाखवलं आणि ओटी पुढे केली.

बाईंचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याकडे गेला. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कोऱ्या पांढऱ्या कागदात घड्या घालून गुंडाळलं, लाल-पांढरी दोरी बांधली, आणि आत नेऊन देवीसमोरच्या लाकडी चौरंगावर ठेवलं. परत आल्या तेव्हा हातात एक छोटी डबी होती, तीही गुंडाळलेली. आत साच्यातली साखरेची फुलं. शेजारणीचं भांडं रिकामं परत देऊ नये, हे त्यांनाही कुणीतरी शिकवलं होतं.

"ग्रँड," मलिंगारकर हळूच म्हणाला.

लिक्सलिपला पोचलो तर आई दारातच.

"पहिल्याच खेपेला घेतली न्हवं?"

'हो' म्हणणं किती सोपं होतं! बायको माझ्याकडे बघत होती. मी डबी आईच्या हातात दिली आणि सगळं खरं सांगितलं. आजोबांची धाप, काकूंचा खराटा, पोलिसाचा सलाम, सगळं करून दाखवलं. आई हसली नाही. डबीवरच्या दोरीची गाठ बोटानं चाचपत राहिली. मला वाटलं, संपलं.

"परत कुठं पाठवली?" ती शेवटी म्हणाली. "चारदा वर बोलावलं तुला. पहिल्यांदाच घेतली असती तर समुद्र न बघताच गाडी धरली असतीस, मला माहीत नाहीस व्हय तू?"

तिनं साखरेचं फूल मोडलं, अर्धं मला दिलं, अर्धं जिभेवर ठेवलं. मग माझ्या मुलीचा वाजवायचा कीबोर्ड माझ्यापुढे ढकलला.

"काळी चार दे, माझी जुनी पट्टी."

मी दिली. तिनं सूर लावला, आणि तो वर जाताजाता फाटला. बायकोनं मान खाली घातली. आईनं मात्र नुसती माझ्या बोटांकडे नजर टाकली.

"खाली उतर."

काळी दोन. पुन्हा चिरला.

"आणखी खाली. घाबरतोस कशाला? गाणार मी आहे."

पांढरी एक. एक जाडसर, खरखरीत, मी कधीच न ऐकलेला आवाज आला आणि टिकला. आई थांबली, त्या आवाजाकडे जरा परक्या पाहुण्याकडे बघावं तशी बघत राहिली, आणि मग तिनं भजनाची पहिली ओळ घेतली. दुसरी घेतली. शेगडीवर पिठलं लागल्याचा वास आला, तरी कुणी उठलं नाही.