थ्रेलबी घराण्याची वही

कापसाचं एक आहे. रुई गाड्यांवर चढून मुंबईला निघून जाते, पण सरकी अंगणात उरते. कितीही झाडा, कोपऱ्यात पुन्हा चार दाणे दिसतातच. किस्स्यांचंही तसंच. अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस अडला होता आणि आमच्या वऱ्हाडातला कापूस सोन्याच्या भावानं जात होता, तेव्हा आमच्या ह्यांनी अमरावतीत एका इंग्रज एजंटाच्या वखारीत कारकुनी केली. ती अवघी चार-दोन वर्षं. पण त्या वखारीचे दाणे अजून माझ्या पदरात सापडतात.

त्यातले बहुतेक एकाच चातुर्मासातले. त्या वर्षी कुणी कांदा सोडला, कुणी वांगं. मी राग सोडला! आषाढी एकादशीला तुळशीपुढं संकल्प केला की कार्तिकीपर्यंत कुणावर चिडायचं नाही. शेजारच्या राधाकाकू म्हणाल्या, "अवं, वांगं सोडायचं होतं. वांगं काही तुले चिडवायले घरी येत नाही."

त्यांचंच खरं झालं.

* * *

एजंटसाहेबांचं आडनाव थ्रेलबी. उंच, लालबुंद, पन्नाशीचे. बाईसाहेब विलायतेत, मूलबाळ नाही. पावसाळ्यात वखारीचं काम मंदावलं की साहेब कपाटातून एक चामड्याची वही काढत.

हे आडनाव म्हणे विलायतेतही दुर्मिळ. लँकेशायर नावाचा मुलूख आहे, तिथल्या एका खोऱ्यात थ्रेलबी नावाची वाडी. त्या वाडीतून जे बाहेर पडले, तेवढेच जगात थ्रेलबी. साहेबांनी पत्रं पाठवून पाठवून एकेकाला शोधलं होतं. वहीत तीन रकाने: नाव, बापाचं नाव, गाव. गाव कळल्याशिवाय नाव लिहायचं नाही, हा साहेबांचा नियम. त्या नियमापायी स्वतःच्या चुलतभावालाही दोन वर्षं वहीबाहेर ठेवलं होतं!

वहीच्या शेवटी नकाशा आणि त्यावर तांबडे ठिपके. खोऱ्यात दाट, गिरण्यांच्या गावांत विरळ, समुद्रापलीकडे अमेरिकेत दोन-चार. हिंदुस्थानात एकच ठिपका, अमरावतीवर. तो साहेबांचा स्वतःचा.

ह्यांनी हे सगळं घरी सांगितलं तेव्हा मला कौतुकच वाटलं. आपल्या पूर्वजांची इतकी आठवण ठेवणारा माणूस वाईट कसा असेल?

राधाकाकू म्हणाल्या, "म्हणजे पिढ्यायच्या वह्या ठेवनारा क्षेत्राचा उपाध्याच हाय तो. फरक इतकाच, की याचा यजमानबी हाच."

* * *

आडनावाचा अर्थ कुणी विचारला की साहेब सांगत, "शूराची वाडी."

एकदा एक म्हातारे पाद्री मुक्कामाला आले. जुन्या भाषा जाणणारे. साहेबांच्या जेवणाच्या वेळी हे सहीचे कागद घेऊन टेबलाशी उभे होते. साहेबांनी वहीचा विषय काढला. पाद्री सहज बोलून गेले, की 'बी' म्हणजे वाडी हे बरोबर, पण 'थ्रेल' म्हणजे शूर नव्हे. 'थ्रेल' म्हणजे गुलाम. कुण्या काळी कुण्या धन्यानं आपल्या गुलामाला झाडं तोडून जागा करून दिली असेल, तीच ही वाडी.

साहेबांचा काटा हातातच राहिला.

आता मुद्दा असा, की वखारीत गड्याच्या हातून गाठोडं सुटलं की साहेब त्याला ओरडत, "गुलाम!" तेवढी आमच्याकडची बोली त्यांना उत्तम येत होती. जन्मानं कुणी गुलाम नसतो, हे आमच्या ह्यांनी मनात शंभरदा म्हटलं असेल, तोंडानं एकदाही नाही. पाद्रीबाबांचं ऐकून मला फार आशा वाटली. ज्याच्या कुळाची सुरुवातच तिथून झाली, तो आता तरी तो शब्द टाकील.

दुसऱ्या दिवशी हे घरी येताच मी विचारलं, "आज कुणाला गुलाम म्हणाले नाहीत ना?"

"नाही," हे म्हणाले. "आज गाढव म्हणाले."

त्या दिवशी मी तुळशीला अकरा प्रदक्षिणा जास्त घातल्या. रागाचं प्रायश्चित्त म्हणून.

* * *

वखारीत उरलेल्या कापसाची सरकी काढायला बाया येत. चरकावर बसून दिवसभर दांडा फिरवायचा. त्यांत सगुणा म्हणून एक होती. परतवाड्याची, चाळिशीला टेकलेली, घाऱ्या डोळ्यांची. साहेबांचं नाव घेताना गड्यांची जीभ अडखळायची, सगुणा मात्र ते घरच्या माणसाचं घ्यावं तसं स्वच्छ घ्यायची. साहेबांनाही नवल वाटलं. ह्यांच्यामार्फत विचारलं, की तुला हे कुणी शिकवलं?

सगुणा म्हणाली, "शिकवाले कायले पाहिजे? आमच्या परतवाड्यात थ्रेलबी लय हायेत."

साहेब संतापले. जगातला प्रत्येक थ्रेलबी वहीत असताना ही बाई खोटं बोलते! दोन दिवस तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. तिनं वखारीतला कापूस नेला नव्हता की कुणाला शिवी दिली नव्हती. विचारलं तेवढ्याचं उत्तर दिलं होतं!

तिसऱ्या दिवशी पाऊस ओसरला आणि साहेबांनी परतवाड्याला जायला दमणी जुंपायला सांगितली. मी ह्यांना म्हटलं, खोटं आहे तर इतक्या चिखलातून बैल कशाला मारायचे?

हे म्हणाले, "खोटं असल्याची खात्री करायला. तांबडी शाई बरोबर घेतली आहे."

* * *

परतवाड्याला छावणीच्या कबरस्तानात, एका कोपऱ्यात, खरंच तो दगड निघाला. त्यावर इंग्रजीत कोरलेलं, सार्जंट थ्रेलबी, आणि खाली त्याच खोऱ्याचं नाव. तापानं मेलेला, फार जुना सैनिक. साहेबांनी टोपी काढली. त्यांचे डोळे भरून आले, असं हे सांगतात, आणि हे खोटं सांगत नाहीत.

मग साहेबांना दगडावरचा शेंदूर दिसला. करवंट्या दिसल्या. चिमूटभर तंबाखूही ठेवलेली.

झाडलोट करणारी एक म्हातारी होती. ती म्हणाली, हा साहेबबाबा नवसाला पावतो. ज्यांची लेकरं जगत नाहीत त्या बाया येतात, आणि जगलं की लेकराचं नाव थ्रेलबी ठेवतात. तिनं हाक मारताच कुंपणामागून सात जण धावत आले. एक थ्रेलबी म्हशीवर बसून आला. एक थ्रेलबी मुलगी होती.

साहेबांनी दगड तिथल्या तिथे धुवायला लावला. आमच्या ह्यांना! आपल्या आप्ताची विटंबना झाली म्हणे. हे ऐकताना मात्र माझा संकल्प पार मोडला. माझी दोन लेकरं पाळण्यातच गेली आहेत. ज्या बाईची कूस अशी रिकामी होते, तिनं परक्या माणसाच्या दगडापुढं डोकं टेकलं, तर त्या दगडाचं काय गेलं? उलट, घरदार सोडून मेलेल्याला कुणी तरी रोज तंबाखू विचारत होतं.

म्हातारी मात्र चिडली नाही. म्हणाली, "धुवा. उद्या पुन्हा लावू." मग साहेबांकडे पाहून विचारलं, "याले किती लेकरं?"

हे भाषांतर करायला कचरले. पण ती सोडेना. शेवटी ह्यांनीच मान हलवली, की एकही नाही.

"मंग नारळ आना म्हना."

* * *

आठवड्यानं सगुणा आमच्या ओट्याशी आली. हातात पत्र्याची डबी. ओट्यावर राधाकाकू जप करत होत्या, त्यांनी पदर आवरून घेतला. मीही तिला पाणी वरूनच घातलं, ते काही लपवत नाही.

ती म्हणाली, "ते सात जण नवसाचे हायेत, बाई. मी रक्ताची हाय."

तिची आजी तुळसा त्या सार्जंटाच्या घरी राहत होती. त्यांचा मुलगा जान, तो सगुणेचा बाप. सार्जंट वारल्यावर तुळसानं पायातले चांदीचे वाळे विकून दगड कोरून घेतला. डबीत बायबलाचं एक पान होतं, त्याच्या कडेला सार्जंटानं स्वतः लिहिलं होतं, की तुळसेपासून झालेला माझा मुलगा जान. ह्यांनीच ते आम्हाला वाचून दाखवलं.

सगुणेला दुसरं काही नको होतं. तिच्या बापाला गावानं जन्मभर बेवारस म्हणून हाक मारली होती, आणि त्याच हाकेला ओ देत तो मेला. त्याचं नाव त्या वहीत लागावं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी ते पान साहेबांपुढं ठेवलं. साहेबांनी ते दोनदा वाचलं. मग वही मिटली. म्हणाले, लग्न चर्चमध्ये झालेलं नाही, सबब नाव लागत नाही.

सगुणा दारातच उभी होती. ह्यांच्याकडे पाहत म्हणाली, "त्याहिले सांगा, मले वाटा नको. माह्या बापाले फकस्त एका कागदावर राहू द्या."

ह्यांनी सांगितलं. साहेब खिडकीबाहेर पाहत राहिले.

ऐकून मी स्वयंपाकघरात भांडी आपटली. जो माणूस समुद्रापलीकडचा थ्रेलबी पत्रं पाठवून शोधतो, त्याला दारात उभी राहिलेली दिसत नाही! चर्चमध्ये लग्न नव्हतं हा गुन्हा कुणाचा? तुळसेचा? की जन्माला यायच्या आधीच जानचा?

ओट्यावर जप करत बसलेल्या राधाकाकूंनी माळ खाली ठेवली. म्हणाल्या, "मागच्या साली उपाध्ये आले होते तवा त्यायच्या वहीत तुह्या सासऱ्यायची सात पिढ्यायची नावं होती. तुह्या सासूचं होतं का? तुह्या मेलेल्या पोरीचं? तवा तू त्यायले खीर वाढली."

मी भांडी पुन्हा उचलून जागेवर ठेवली.

* * *

अमेरिकेतली लढाई उन्हाळ्यातच संपली होती. पुढं कापसाचा भाव कोसळत गेला, आणि साहेबांना विलायतेहून बोलावणं आलं. जाण्याआधी त्यांना वहीची सुबक नक्कल हवी होती. ती खोऱ्यातल्या चर्चमध्ये कायमची ठेवायची होती. ह्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून काम ह्यांच्याकडे आलं. हे रोज ओसरीवर बसून एकेक थ्रेलबी उतरवत.

मी एकदाच म्हटलं, "अहो, एक ओळ जास्त झाली तर?"

हे म्हणाले, "बडनेऱ्याच्या रेलच्या कचेरीत जागा आहे. ती साहेबांच्या दाखल्याशिवाय मिळायची नाही." आणि पुढचं नाव लिहायला लागले. मी वाद घातला नाही. चातुर्मास होता.

दसऱ्याला घरातल्या पोथ्या आणि ह्यांचं दप्तर पूजेला मांडलं, त्यात ती नवी वहीही होती. हे सीमोल्लंघनाला गेले. वहीला हळदकुंकू वाहताना मी शेवटचं पान उघडलं. बालबोध लिपी मला ह्यांनीच शिकवली होती, व्रतांच्या कहाण्या माझ्या मला वाचता याव्यात म्हणून. वाचायची परवानगी होती. बाईनं लेखणी धरली की नवऱ्याच्या आयुष्याला धोका, असं तेव्हा सगळेच म्हणत. मी आधी कुंकवाच्या करंड्याला हात लावला, मग लेखणीला.

लिहिलं: सार्जंट थ्रेलबी व तुळसा यांचा मुलगा जान. जान याची मुलगी सगुणा.

गावाचा रकाना राहिला. तेवढ्यात दारात हे आले, आपट्याची पानं घेऊन.

ह्यांनी ओळ वाचली. मग आपट्याची पानं वहीवर ठेवली आणि म्हणाले, "पूजेतल्या वहीत खाडाखोड करत नसतात."

* * *

साहेब निघाले ते नेमके कार्तिकी एकादशीला. माझ्या संकल्पाचा शेवटचा दिवस. राधाकाकूंना घेऊन मी वखारीच्या फाटकाशी उभी होते. आत बडनेऱ्याच्या टेशनावर जायला दमणी जुंपलेली, गडी रांगेत, बाया चरकांपाशी.

साहेब उभ्या उभ्या नवी वही चाळत होते. पानामागून पान. शेवटच्या पानाशी थांबले.

ह्यांना विचारलं, हे अक्षर कुणाचं?

"आमच्या घरातलं," हे म्हणाले.

काय लिहिलंय?

ह्यांनी वाचून दाखवलं. आधी जसंच्या तसं, मग इंग्रजीत. सगुणेच्या हातातला चरकाचा दांडा थांबला. साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग शाई मागितली.

हे दौत धरून उभे राहिले. ह्यांचा दाखला अजून साहेबांच्याच खिशात होता. मी डोळे मिटून स्वतःला बजावत होते, की सूर्य मावळेपर्यंत चिडायचं नाही, तो काय वाटेल ते खोडो, सूर्य मावळेपर्यंत चिडायचं नाही.

डोळे उघडले तेव्हा साहेब वाकून लिहीत होते. त्यांनी शाई वाळू दिली. वही फडक्यात बांधली. खिशातून दाखला काढून ह्यांच्या हातात दिला, आणि दमणीत जाऊन बसले.

दमणी वळणाआड गेल्यावर मी धावत आत गेले. ह्यांना विचारलं, "काय केलं हो? खोडलं?"

"नाही," हे म्हणाले. "गावाचा रकाना मोकळा होता ना, त्यात परतवाडा लिहिलं."