हणमंतकाकांचं ऐकण्याचं टेबल

बंगळुरात मल्लेश्वरमच्या आमच्या वठारात, म्हणजे एका अंगणाभोवतीच्या चाळीत, अशी बातमी होती की, हणमंतराव चौगुल्यांनी कारखान्यातल्या कार्डांच्या यंत्रात ताक ओतलं, म्हणून साहेबांनी त्यांना गोदामात टाकलं. पहिल्या खोलीत ते ताक होतं. तिसऱ्या खोलीपर्यंत त्याची आमटी झाली आणि नळावर पोचेपर्यंत आमटीला उकळी फुटली. मीही ती गोष्ट सांगताना ‘खट् खट् खट् फुस्स’ असं यंत्र मरताना करून दाखवायची, आणि बायका कळश्या खाली ठेवून पुन्हा एकदा कर म्हणायच्या.

यातलं काहीच घडलं नव्हतं. उलट ते यंत्र आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद हणमंतकाकांनाच झाला होता. माझा मोठा भाऊ मधुअण्णा त्याच यंत्रावर कामाला होता, म्हणून हे मला ठाऊक.

कारखाना टेबलफॅनचा. शेवटच्या खात्यात, फळ्यांचा आडोसा केलेल्या जागेत काकांचं टेबल. जोडून आलेला प्रत्येक पंखा ते मिनिटभर लावत, डोळे मिटत आणि ऐकत. पसंत पडला तर बुडाला खडूची खूण, नाही तर वहीत नोंद करून परत. नोंद कशी करायची याचा काही नियम नव्हता, जो जसा बोले तसं तो लिही. काका निपाणीकडचे, त्यांच्या बोलण्यात मराठीच्या ताटात कन्नड वाढलेलं असायचं. अण्णानं एकदा ती वही घरी आणली होती. ‘तव्यावर उलथनं घासल्यागत.’ ‘म्हातारा जिना चढालाय, स्वल्प थांबून.’ ‘डास, डाव्या कानाशी.’ ‘सासूचं पुटपुटणं, बोलत नाही, थांबतही नाही.’ मी हसून लोळले. पण फिटर लोक हसत नसत. उलथनं म्हणजे आत रोटर घासतोय, म्हातारा म्हणजे दांडा फिरतो त्या बुशला तेल नाही, डास म्हणजे तारेची गुंडाळी सैल. पंखा उघडायच्या आधीच त्यांना हात कुठे घालायचा ते कळे.

संध्याकाळी काका पायरीवर बसले की मी त्यांच्यासमोर एकेक बिघडलेला पंखा व्हायची. मी ‘टिक्‌टिक्‌ टर्र’ केलं की ते म्हणत, पात्याचा स्क्रू. मी दोन आवाज मिसळले तरी दोन्ही सांगत. मग भागुकाकू आतून म्हणायच्या, कारखाना सुटला तरी ह्यांचा सुटीचा भोंगा काही वाजत नाही.

सहासष्ट साली पुण्याहून रत्नाकर दळवी नावाचे नवे इंजिनियर आले आणि त्यांच्यामागोमाग ते यंत्र. दळवीसाहेबांचं प्रत्येक वाक्य ‘म्हणजे बघा’ने सुरू होई आणि नाकातून बाहेर पडे. प्रत्येक दोषाला एक आकडा द्यायचा, नापास झालेल्या प्रत्येक पंख्याचं एक कार्ड करायचं, त्यावर त्या आकड्याची भोकं पाडायची. यंत्र कार्डांचे ढीग वेगळे करणार, मोजणार आणि महिनाअखेर छापील तक्ता देणार. काय मोजायचं हे यंत्राला एका फळीवर तारा खोचून सांगावं लागे. ते काम अण्णाचं.

काका हरखले. एकच बुश वाईट येतोय म्हणून ते तीन वर्षं वहीत लिहीत होते आणि फिटरांपलीकडे ती वही कुणी वाचत नव्हतं. आता तक्ता थेट मोठ्या साहेबांच्या टेबलावर जाणार होता. चार रविवार आमच्या ओसरीवर बसून त्यांनी अण्णाबरोबर दोषांची यादी केली. एकट्या आवाजाचे त्यांनी तेवीस प्रकार काढले. दळवीसाहेबांनी यादी पाहिली आणि म्हणाले, म्हणजे बघा चौगुले, आवाज म्हणजे आवाज, सगळ्याला एकच आकडा द्या. उलथनं, म्हातारा, डास आणि सासू अशी सगळी मंडळी एकतीस नंबरात कोंबली गेली.

दोन दिवसांनी काकांनी आपण होऊन एक सुचवलं. कार्डावर तपासनीसाच्या आकड्याचंही भोक असू दे. अण्णा म्हणाला, कशाला नसती भानगड. काका म्हणाले, “मी पंखा परत पाठवला तर कुणी पाठवला ते दिसाय पाहिजे की. लपून काय नाकारायचं?” दळवीसाहेबांना कल्पना फार आवडली. काकांना सात नंबर मिळाला.

पहिल्या महिन्याचा तक्ता आला. एकतीस नंबर, चारशे बारा. त्याचं करायचं काय हे कुणालाच कळेना. फिटर काकांकडे येऊन विचारत, काका, ह्यातला कुठला एकतीस? काका तोंडानं सांगत. मग हुकूम निघाला की तपासनीस आणि फिटरांनी आपसात बोलायचं नाही, जे काय ते कार्डातून. तेव्हापासून फिटर अख्खा पंखा खोलून बसू लागले.

तिसऱ्या महिन्यात दळवीसाहेबांनी अण्णाला सांगितलं की ढीग तपासनीसांप्रमाणे पाड. अण्णानं चार तारा काढून दुसरीकडे खोचल्या, बस्स एवढंच. दुसऱ्या पाळीत त्याच टेबलावर बसणाऱ्या माणसापेक्षा सात नंबर तिप्पट पंखे नापास करतो, असं निघालं. साहेबांनी काकांना बोलावलं आणि तक्त्यावर पेन्सिल ठेवली.

“म्हणजे बघा, दोष सात नंबरला आहे.”

काका म्हणाले, मी नापास केलेले कुठलेही दहा पंखे लावा आणि स्वतः ऐका. साहेब खरंच गेले. एकेका पंख्याला कान लावला, आणि म्हणाले, उत्तम वारा येतोय. त्या संध्याकाळी मी पायरीवर साहेबांची नक्कल सुरू केली, तेव्हा काकांनी हात वर करून थांबवलं. “वाईट माणूस नाही तो. त्याला ऐकू येत नाही, एवढंच.”

सोमवारपासून काका गोदामात. काम, रिकाम्या पेट्या मोजून घेणं आणि देणं. अण्णा दोन दिवस नीट जेवला नाही. तिसऱ्या दिवशी माफी मागायला गेला, तर काकांनी ‘ते भोक मीच मागितलं होतं’ म्हणून त्याला चहा पाजला. त्या महिन्यात एकतीस नंबरची कार्डं छत्तीसवर आली. दळवीसाहेबांनी खात्यात म्हैसूरपाक वाटला, आठवणीनं एक तुकडा गोदामातही पाठवला. काकांनी तो खाल्ला.

घरी मात्र खेळ संपला. मी नवे नवे बिघाड शोधून आणायची, आणि काका सगळ्यांना ‘बरोबर’ म्हणायचे. मी मुद्दाम मांजर ओरडून दाखवलं, तरी बरोबर. त्यांचा स्वतःचा पंखा रात्रंदिवस खडखडायचा, ते उठत नसत. भागुकाकूंनी डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, कान विशीतल्या माणसाचे आहेत. परत येताना काकू बसभर रडल्या. काका खिडकीबाहेर बघत बसले होते.

पुढच्या उन्हाळ्यात हुबळीहून आणि मदुराईहून पंखे परत यायला लागले. अण्णानं जेवताना सांगितलं आणि मी खरकट्या हातानं काकांकडे धावले. आता दसऱ्याच्या आत तुम्हाला टेबलावर परत बोलावतात की नाही बघा, म्हटलं.

“बोलवणार नाहीत,” काका म्हणाले. “पेट्या बदलतील.”

मी पैज लावली. बोलावलं तर काकांनी भर वठारात दळवीसाहेबांची नक्कल करायची. नाही बोलावलं तर मी महिनाभर भागुकाकूंचं पाणी भरायचं. काका ‘सरी, कबूल’ म्हणाले आणि पुन्हा भिंतीकडे बघत बसले.

परत आलेल्या पंख्यांचीही कार्डं झाली. खात्यातून पास होऊन गेलेला पंखा आतून बिघडलेला असू शकत नाही, म्हणून सगळ्यांवर ‘वाहतुकीत बिघाड’चा आकडा पडला. अण्णानं एकदा साहेबांना सांगून पाहिलं. साहेबांनी त्याच्यासमोर तक्ता धरला.

दसऱ्याला चार दिवस असताना गोदामात नव्या पेट्यांच्या दोन लॉऱ्या आल्या. काकांनी माल मोजून घेतला, सही केली. संध्याकाळी ते आमच्या दारात आले. “फळी पहिल्यापेक्षा अर्धा इंच जाड हाय,” म्हणाले, आणि भागुकाकूंची पितळी कळशी माझ्यासमोर ठेवली. मी म्हटलं, दसऱ्याला अजून चार दिवस आहेत.

“बरं, मग चार दिवस थांब.”

मी थांबले नाही. सकाळी नळ आला तेव्हा कळशी घेऊन रांगेत उभी होते.