इरम्माची वाढलेली पिंपं

नळदुर्गात इरम्माला लोक 'पिंपवाली' म्हणायचे, तेही तिच्या पाठीमागं. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. तिच्या नवऱ्याची, शांतलिंगाची असेलही, पण त्याला बोलायचाच कंटाळा. त्यांचा करडईच्या तेलाचा घाणा होता. घाण्याला बैल एक. बैल आधी डुलकी घेतो की शांतलिंग, यावर आम्ही पानाच्या विड्याची पैज लावायचो. बैल बहुतेक हरायचा.

घाणा खरा चालवायची ती इरम्माच. जर्मनची मोठी लढाई संपून वर्ष झालं होतं, निजामाचा अंमल अजून होता. तेव्हा कळंबचा एक आडत्या घाण्यावर आला, तेल बोटावर घेऊन चाटलं आणि म्हणाला, "हंगामाचं सगळं तेल मी घेतो. पण लोखंडी पिंपात द्यायचं. तुमच्या रांजणातलं न्हाय चालायचं, गाडीत फुटतात. पुढच्या अमावास्येला माझी गाडी येईल. चार पिंपं भरलेली दिसली तर ठीक, न्हायतर म्या दुसरा घाणा बघतो." शांतलिंग म्हणाला, बघू. इरम्मा म्हणाली, चार. त्या साली गिऱ्हाईक गेलं असतं तर बैल विकायचा हे घरात ठरलेलं होतं, आणि शांतलिंग त्यावर खूश होता असं म्हणणारी वाईट माणसं गावात होती. त्यांतला एक मी.

नवी पिंपं कुठून आणायची? सोलापुरात लढाईतली जुनी पिंपं विकायला आलीत असं कानावर आलं. इरम्मानं पायातले चांदीचे तोडे काढून पदराला बांधले आणि माझी बैलगाडी ठरवली. नवरा घाण्यापाशी राहिला. कुणीतरी बैलाला सोबत पाहिजे.

सोलापुरात भंगारवाल्या बिराप्पाच्या अड्ड्यावर अकरा पिंपं उभी होती. बिराप्पा हा गोड बोलणारा माणूस. "अक्का, सगळ्यांत खोबरेल व्हतं. महादेवाची आण." इरम्मानं कंबरेची पिशवी सोडली, त्यातनं ज्वारीची भाकरी काढली. एक तुकडा मोडला, पहिल्या पिंपाच्या तोंडातनं हात घालून आतल्या पत्र्यावर घासला आणि तुकडा बिराप्पापुढं धरला.

"खा."

"अक्का, म्या जेवलोय."

"खोबरेलच हाय न्हवं? खा."

बिराप्पानं खाल्ला. त्याचा चेहरा असा झाला, की पिंपात रॉकेल होतं हे आता अड्ड्यावरच्या गाढवालाही कळलं. दुसऱ्या पिंपाला तुकडा घासायला ती वळली तशी बिराप्पा मधे आला, म्हणाला, ते राहू द्या. मग तो आपणहूनच सांगत सुटला, यात रंग होता, यात डांबर, याच्या बुडाला भोक. अकरातली सात त्यानं स्वतःच्या तोंडानं बाद केली. उरलेल्या चारांचे तुकडे त्यानं मुकाट खाल्ले, शेवटच्याला तर गूळ मागितला. त्या चारांच्या तोंडाला डोळा लावून इरम्मानं उन्हाकडं बघितलं, कुठं उजेडाचा ठिपका दिसतो का. दिसला नाही. तोडे दिले. तिथंच राखेच्या कढत पाण्यानं पिंपं घासली, सुकवली, आत धूळ जाऊ नये म्हणून लाकडी बुचं ठोकली, आणि आम्ही निघालो.

पंचाईत झाली ती इंग्रजांचा मुलूख संपून निजामाचा लागतो त्या सरहद्दीवर. तिथं जकातीचा नाका. मुन्शी होता चाँदपाशा, हैदराबादकडचा, तब्येतीनं भरदार. खुर्चीवरून उठणं त्याला मान्य नसे. त्याचं सगळं काम कानानं आणि टाकानं. त्यानं लांबूनच विचारलं, "बाई, पीपों में क्या है?"

आता इथं एक सांगितलं पाहिजे. आपण दुकान बंद केलं म्हणत नाही, वाढवलं म्हणतो. दिवाही वाढवतो. घाणेवाल्यांच्या घरात तर तेलाच्या भांड्याला रिकामं म्हणणं म्हणजे आपल्या तोंडानं बरकत घालवणं. इरम्मा नवऱ्याचं नाव एकवेळ घेईल, पण हा शब्द नाही.

ती म्हणाली, "तेल वाढलंय, मुन्शीसाब."

"बढ़ गया?" मुन्शीनं टाक उचलला. "चार पीपे, तेल भरके." आणि त्यानं जकात सांगितली. ती ऐकून माझे बैलसुद्धा थांबले असते, पण ते थांबलेलेच होते.

मी पुढं होऊन सांगायला गेलो, की साहेब, ती तशी नाहीत. मुन्शी म्हणाला, तू गाडीवान, माल बाईचा. बाईनं तोंडानं 'खाली', म्हणजे रिकामं, म्हणावं, मी खोडतो. नाहीतर जकात. तिच्या पदराला तोडे बांधलेली गाठ होती, आता नुसती गाठ राहिली होती. मी तिला हळूच म्हणालो, म्हणून टाक गं, कोण ऐकतंय? तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी बैलांना पाणी पाजायला गेलो.

तासभर ती गाडीपाशी उभी राहिली. मुन्शीनं दोन विडे खाल्ले. अमावास्या पाच दिवसांवर होती आणि पिंपांत अजून थेंब पडायचा होता.

मग तिनं पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली, गाडीतलं पिंप ओढून डोक्यावर घेतलं आणि चालू लागली. नाक्याच्या आडव्या बांबूखालनं, मुन्शीच्या खुर्चीसमोरनं. पलीकडच्या लिंबाखाली पिंप उतरवलं, परत आली, दुसरं घेतलं. भरलेलं पिंप हलवायला चार गडी लागतात. तिसऱ्या खेपेला नाक्यावरचे शिपाई हसायला लागले. चौथ्या खेपेला मुन्शी खुर्चीवरून उठला. हे दृश्य त्या नाक्यावर पहिल्यांदाच घडत होतं.

त्यानं पिंपावर बोटानं टकटक केलं, आवाज ऐकला. "बाई, ये तो खाली है."

"ते तुमी म्हणा," इरम्मा धापा टाकत म्हणाली, "आन तुमीच लिवा. म्या न्हाय म्हणणार."

त्यानं लिहिलं.

अमावास्येला आडत्याची गाडी आली तेव्हा चारही पिंपं काठोकाठ होती. शांतलिंग त्यांना टेकून झोपला होता.

आणि चाँदपाशाचं म्हणाल तर पुढं कित्येक दिवस पानाच्या डब्यात पान उरलं नाही, की तो शिपायाला हाक मारायचा, "अरे, पान वाढलंय."