फोनवरचं जेवण

गल्लीच्या तोंडाशी, जिन्याखालच्या जागेत मावशीचं दुकान होतं. दुकान म्हणायचं तर म्हणा. एक शिवणयंत्र, एक इस्त्री, एक उभा आरसा आणि त्याच्यासमोर माणूस गर्रकन फिरू शकेल एवढी फरशी. नवे कपडे ती शिवत नसे. लोकांचे जुने कपडे सैल करायचे नाहीतर घट्ट करायचे, एवढंच तिचं काम. गल्लीत कोण सुटलंय आणि कोण वाळलंय हे डॉक्टरच्या आधी तिला कळायचं, आणि ते ती पोटात ठेवायची. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं की टेप गळ्यात तशीच ठेवून ती सांगून टाकी, "कमरेत दोन इंच." मग गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी मोजायची. ते दोन इंचच निघायचे.

सगळी गल्ली तिला मावशी म्हणे. तिला 'ठमे' म्हणून हाक मारणारं जगात एकच माणूस उरलं होतं, ते म्हणजे तिची थोरली बहीण, ताई. ठमी हे नाव लहानपणचं, आणि साठी उलटेपर्यंत मावशीने ते इमानेइतबारे सार्थ केलं होतं. खाणं तिला आवडायचं. आई म्हणायची, तोंड आवर. पुढे नवरा म्हणायचा, तोंड आवर. ताई मात्र आपल्या ताटलीतलं अर्धं हळूच तिच्या ताटलीत सरकवायची आणि वर आईकडे बघून साळसूदपणे म्हणायची, "माझं झालं बाई, पोट भरलं." सबंध आयुष्यात 'आणखी घे' म्हणणारं मावशीला भेटलेलं ते एकच माणूस.

आई गेली, नवरा गेला, मुलंबाळं झालीच नाहीत. ताई त्याच शहरात, पण पार दुसऱ्या टोकाला, चौथ्या मजल्यावर राहायची. लिफ्ट नाही. ताईचा मुलगा जहाजावर, वर्षातले दहा महिने पाण्यात. दोन वर्षांमागे ताई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून ती वॉकर धरून पलंगापासून खिडकीपर्यंत आणि खिडकीपासून दारापर्यंत, एवढीच. आणि इकडे मावशीच्या गुडघ्यांनी संप पुकारलेला. दुकानाच्या दोन पायऱ्या चढतानाही तिला देव आठवायचा, चार मजले कुठले चढते! एकीला खाली उतरवेना, दुसरीला वर चढवेना. दोन वर्षं बहिणींनी एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं.

त्यावर ताईनेच तोड काढली. रोज संध्याकाळी उजेड असतानाच दोघींनी फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा आणि एकत्र जेवायचं. दोघींचे फोन जुने, बटणांचे. चेहरा दिसायची सोय नाही. पण कान होते.

"काय वाढून घेतलंस?" ताई विचारायची.

"भात, भाजी आणि दोन अंडी."

"दोनच? आजारी आहेस का?"

मग इकडे चमचा वाजायचा, तिकडे चमचा वाजायचा. बोलणं फारसं नसेच. कुणीतरी चावतंय, पाणी पितंय, मधेच ठसकतंय, एवढं ऐकू आलं की मावशीची खोली भरल्यासारखी वाटे. त्या अर्ध्या तासाच्या जोरावर ती उरलेले साडेतेवीस काढायची.

गुडघ्यांसाठी ती मोठ्या दवाखान्यात गेली तेव्हा हाडांच्या डॉक्टरने फोटो उजेडाला धरला आणि काट्याकडे बोट दाखवलं. "आधी वजन उतरवा, मग ऑपरेशनचं बोलू." मावशीने आयुष्यात इतक्यांदा वजन उतरवलं होतं की एवढ्यात आणखी एक मावशी तयार झाली असती; पण उतरलेलं प्रत्येक वेळी व्याजासकट परत यायचं. तिचा चेहरा बघून त्याने तिला वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे धाडलं.

डॉक्टरीणबाई वयाने लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी आधी खोदून खोदून विचारलं: घरात कुणाला थायरॉईडचा कॅन्सर होता का, स्वादुपिंडाला कधी सूज आली होती का, साखरेच्या गोळ्या चालू आहेत का. मग समजावलं.

"मावशी, जेवलं की आतडं एक हार्मोन सोडतं. तो मेंदूला जाऊन सांगतो, झालं, आता पुरे. पण तो काही मिनिटांतच विरून जातो. या इंजेक्शनात त्याचीच नक्कल आहे, ती आठवडाभर टिकते. पोट सावकाश रिकामं होतं, भूक मंदावते. डोस बारीक सुरू करायचा, दर महिन्याला थोडा वाढवायचा. मळमळेल, पोट साफ होणार नाही, ते हळूहळू बसतं. पण पोटात कळ येऊन पाठीत गेली तर तडक इथे यायचं."

"म्हणजे माझं तोंड आता औषध आवरणार?"

"तोंडाचा दोष नव्हताच हो कधी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "शरीर वजन धरून ठेवायला बघतं. म्हणूनच औषध बंद केलं की भूक परत येते आणि बहुतेकांचं वजनही. आणि एक नीट ऐका. भूक लागली नाही तरी जेवायचं. घड्याळ बघून जेवायचं. अंडी, डाळ, दही आधी. नाहीतर चरबीबरोबर मांसही झडेल, आणि मग नुसत्या हलक्या पायांनी काय जिने चढणार?"

मावशीने मान डोलावली. पण 'तोंडाचा दोष नव्हता' एवढंच तिच्या डोक्यात राहिलं. साठ वर्षांत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बसमध्ये तिने खिडकीकडे तोंड करून डोळे पुसले. त्यापुढचं, जेवायचं कसं ते, एका कानाने शिरलं आणि दुसऱ्याने निघून गेलं.

इंजेक्शनची पेनं फ्रिजच्या दारात, अंड्यांच्या शेजारी बसली. आठवड्यातून एकदा पोटाची चिमटी धरायची आणि टोचायचं. सुईचं तिला भय नव्हतं. बोटांत सुया मोडून घेण्यात जन्म गेला होता. पहिले काही आठवडे ढवळत राहिलं. मग एका दुपारी, शाळेचे गणवेश सैल करता करता तिच्या लक्षात आलं की सकाळपासून आपण खाण्याचा विचारच केलेला नाही. ती यंत्र थांबवून बसून राहिली. लहानपणापासून डोक्यात कुणीतरी सतत बोलत असायचं: डब्यात काय उरलंय, येताना काय आणायचं, रात्रीला काय. तो आवाज बंद पडला होता.

आता कुणीही म्हणेल, मग आनंदच आहे की. आनंद झालाही. काटा खाली येत होता, गुडघे कमी कुरकुरत होते. पण ज्याला एकटं राहायची वेळ आलेली नाही त्याला हे कळायचं नाही: संध्याकाळी दुकान बंद करून कुलूप उघडलं की घरात तिची वाट बघणारी एवढी एक भूकच होती. तिच्यासाठी गॅस पेटायचा, कांदा चिरला जायचा, खोलीला वास यायचा. ती गेली आणि ओटा कोरडा पडला. मावशी दिवा लावून नुसती बसायची. घरात कुणी नाही, हे तिला नवरा गेला तेव्हाही इतकं कळलं नव्हतं.

डॉक्टरने वजन उतरवायला सांगितलंय एवढं ताईच्या कानावर होतं; इंजेक्शन आणि गेलेली भूक मात्र मावशीने तिच्यापासून लपवली. का, ते तिला पक्कं माहीत होतं. ताईने तिच्यावर माया केली ती भरवून केली. मला भूकच उरली नाही असं सांगितलं, तर ताईने काय करायचं? 'आणखी घे' कुणाला म्हणायचं? भूक गेली तर आपल्यातलं ते एक सूतही तुटेल, अशी तिला धास्ती वाटे. तेव्हा फोन यायचा, आणि मावशी रिकामी ताटली पुढ्यात घेऊन बसायची.

"काय वाढून घेतलंस?"

"भात. अंडी. भाजी जरा जास्तच झाली आज."

"खा, खा. टाकू नकोस."

मावशी ताटलीवर चमचा वाजवायची. मधेच तोंडात काहीतरी असल्यासारखं घोगरं बोलायची. घास नसताना चावायची सवय तिला फार लवकर झाली. तिकडूनही चमच्याचा आवाज यायचा, ताटली खरवडल्याचा, आणि त्यामागे काहीतरी फडफडायचं. मावशीला वाटे, पंखा.

वजन झपाट्याने उतरलं. डॉक्टरीणबाईंनी काटा बघितला आणि कपाळाला आठी घातली. "जेवताय ना?"

"बहिणीबरोबर रोज जेवते," मावशीने सांगितलं. खोटं असं म्हणता येणार नाही. खरंही नव्हतं.

आठ महिन्यांनी हाडांचा डॉक्टर खूश झाला, ऑपरेशनची तारीख देतो म्हणाला. पण मावशीला तारखेत रस नव्हता. गुडघा बरा कशाला करायचा होता? ताईकडे जायला. आणि आता कठडा धरला की तो तिला तसाही जिना चढवत होता. तिने ताईसाठी मऊ सुती गाऊन शिवला, ताईच्या नेहमीच्या मापाचा. ते माप तिला झोपेतही तोंडपाठ होतं. एका दुपारी दुकान लवकर बंद करून, न कळवता, ती निघाली.

पहिला मजला बरा गेला. दुसऱ्यावर मांड्या लटपटायला लागल्या. गुडघे नव्हते दुखत. पायात जीवच नव्हता. डॉक्टरीणबाईंचं बोलणं दुसऱ्या कानाने परत आलं. तिसऱ्याच्या वळणावर ती चक्क पायरीवर बसली. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. वरून ताईची स्वयंपाकाची बाई उतरत होती, ती थांबली.

"तुम्ही मावशी ना? अगं बाई, केवढ्या वाळलात! ताई फोटो दाखवतात त्यात तर..." तिने हातांनी फोटोतली मावशी दाखवली आणि जीभ चावली.

"ताई कशी आहे? जेवते ना नीट?"

"अगदी चाटूनपुसून हो. संध्याकाळचं झाकून जाते मी, सकाळी ताटली लख्ख. अंगाला लागत नाही एवढंच. वय झालं की माणूस वाळायचंच."

दार ताईनेच उघडलं. वॉकर टेकत टेकत यायला तिला बराच वेळ लागला. दार उघडलं आणि दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

आयुष्यभर मावशीची नजर माणसाच्या अंगावर पडली की इंच बोलायची. आताही बोलली. छातीत सहा, कमरेत सात, खांद्यांत तर धरायलाच काही नाही. हातातल्या पिशवीतला गाऊन या बाईला होणार नव्हता. तो होता पडण्याआधीच्या ताईचा.

"ठमे," ताई म्हणाली, "अगं, माझी ठमी कुठे गेली?"

मावशीने ताईला दंडाला धरून खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. हाताला नुसतं हाड लागलं. खिडकीच्या कट्ट्यावर कबुतरं बसली होती, एकेक टरटरून फुगलेलं, मान वळवायलाही आळस. उडायचं सोडून ती काचेला खेटून आत बघत होती. मावशीने कबुतरांकडे पाहिलं. मग तिपाईवरच्या झाकलेल्या ताटलीकडे. तिथेच टेकवून ठेवलेल्या चमच्याकडे. पंखा छताला होताच कुठे?

"कधीपासून?" तिने विचारलं.

"तुझी ताटली रिकामी वाजायला लागली तेव्हापासून," ताई म्हणाली. "भरल्या ताटलीवर चमचा असा टणटण वाजतो होय? सगळं लहानपण तुझ्याशेजारी बसून जेवले मी. म्हटलं, माझ्याकडे यायला म्हणून ही उपाशी मरतेय. आणि मी इथे बसून गिळू? घशाखाली उतरेचना. मग दिलं या पाखरांना."

"मला सांगायचंस!"

"तू सांगितलंस?"

मावशी मटकन पलंगावर बसली. मग तिने सगळं सांगितलं. पेनं, हार्मोन, मळमळ, भूक गेली ते, कोरडा ओटा. उपाशी राहावं लागत नव्हतं, भूकच लागत नव्हती. आणि तरी डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, घड्याळ बघून जेवायचं. सांगता सांगता तिला रडू कोसळलं. "मला वाटलं, भूक नाही म्हटलं तर तुझी मी कोण?"

ताईने नेहमीच्याच सुरात विचारलं, "औषध आता सोडणार नाहीस ना? गुडघे बरे होतायत तर?"

"नाही सोडत."

"मग आण ती ताटली. आणि कपाटातून दुसरी घे."

मावशीने झाकण काढलं. भात, भाजी आणि एक उकडलेलं अंडं. एका माणसाचं जेवण. ताईने चमचा घेतला, अंडं कापलं आणि मोठा अर्धा मावशीच्या ताटलीत सरकवला. मावशीने तो परत सरकवला. ताईने डोळे वटारले. मावशीने घास तोंडात घातला. तो फिरत राहिला, उतरेना. तिने समोर बघितलं. ताईचाही घास तसाच गालात होता, आणि ती मावशी गिळते का ते बघत होती. दोघींनी गिळला.

भूक दोघींनाही नव्हती. ताटल्या रिकाम्या व्हायला संध्याकाळ झाली. बाहेर कबुतरं काचेवर चोची आपटत राहिली, आणि त्या दिवशी त्यांना काही मिळालं नाही.