पाळण्याच्या कडीवरचं घर

हे मी गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलेलं नव्हतं – बायकोलाही नाही. कडीवरचं कुंभारणीचं घर मी पाडलं. दुसऱ्या कुणी नाही, मी.

मातीच्या एवढ्याशा गोळ्याचं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होतो. आमचं गाव कळंबच्या पुढे, सागाच्या जंगलाला लागून. कुंभारीण माशी तिकडून यायची, नाल्याची ओली माती तोंडात धरून घर बांधायची. ती जिथे बांधते तिथे पाळणा हलतो, असं आमच्याकडे मानतात. जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या वर्षी तिनं आमच्या माजघरातली पाळण्याची कडी धरली. वहिनीची कूस तोवर उजवली नव्हती.

ते घर आधी पाहिलं शेजारच्या जुबेदाभाभीनं. "हात नोका लावू कोणी," ती म्हणाली, "अन् भाऊजी, तुमची ते उंटावानी मान जरा वाकवून चाला." वहिनी किती हसली. धूर लागू नये म्हणून तिनं चूल अंगणात नेली. आणि खरंच, तिला दिवस गेले.

मला काय हवं होतं? कडी – नवा कंदील टांगायला. की सगळं घर त्या मातीभोवती जपून चालायचं, याचाच राग होता? घरात कुणी नसताना काठीनं टोचलं. आत कागदासारखा पातळ, तपकिरी कोष. बोटांत दाबला. ओलं लागलं. घाबरलो, सगळं उकिरड्यावर टाकलं. कंदील टांगलाच नाही.

त्याच दुपारी भाभी चाळणी ठेवायला आत येऊन गेली होती. आठवड्याभरात वहिनीचं पोट पडलं. भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली, "तिलेच पोर नाही. तिनंच पाडलं ते घर."

मी दारात उभा होतो. तोंड उघडायला किती वेळ लागतो?

माशीच्या घरानं पोट पडत नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं – तेही बोललो नाही. दोन परसांमधली वाट वहिनीनं बोरीच्या काट्यांनी बुजवली. पुढे भाभी नेरला राहायला गेली.

इतक्या वर्षांनी, गेल्या महिन्यात, नेरला जाऊन तिला सांगितलं. ती गहू निवडत राहिली. मग म्हणाली, "मले काहून सांगून राह्यले, भाऊजी? म्या नाही पाडलं, हे मले मालूमच होतं. तिले सांगा."

परतलो. वहिनी माजघरात कडीखालीच बसली होती.

"वहिनी, ते घर मी पाडलं. जुबेदाभाभीनं हातही लावला नव्हता. मी गप्प राहिलो. चुकलो मी."